नऊ हजार तीनशे पेसो

टीव्हीवाले आले होते काल.
वालपाराइसोत टेकड्या बेचाळीस, पण तो वारला
आमच्या टेकडीवरच्या भाड्याच्या घरात,
म्हणून ह्या आठवड्यात मान आमचा.

ज्याला त्याला विचारत होते :
कसा होता हो रेनातो उगाल्दे,
म्हणजे तुमच्याआमच्याशी?

बेकरीतली एलिआना म्हणाली, देवमाणूस.
नातवाच्या कानाच्या ऑपरेशनचं बिल कुणी भरलं
ते इस्पितळाने कधी सांगितलं नाही,
पण तिला माहीत आहे.
मासेवाला निबाल्दो म्हणाला, देव कसला,
भर बाजारात माझ्या पोराला ढकललं त्याने
सही मागितली म्हणून. कोपर फुटलं.
मग दोघांची तिथेच जुंपली, पावांच्या ट्रेसमोर,
आणि दोघंही खरंच बोलत होती.

माझ्यापुढे माईक आला.
मी म्हटलं, मी तिकिटं फाडते, मला काय विचारता?

तारेवर टेकडी चढणाऱ्या त्या लाकडी खोलीच्या
खालच्या दाराशी माझं स्टूल.
जुलैतली संध्याकाळ, कडाक्याची थंडी,
धुक्यात बंदराचे भोंगे एकमेकांना शोधत होते.
टोपी कपाळावर, कॉलर वर,
शंभराच्या तिकिटाला त्याने दहा हजारांची नोट सरकवली.
सुट्टे नाहीत, मी म्हटलं.
ठेवून घ्या.
ठेवून घ्यायला मी काय चर्चची दानपेटी आहे?

तेव्हा त्याने टोपी जराशी मागे सारली.
ओळखलं नाहीत?
रुबाबात नाही. पोरं अंधारात विचारतात ना,
जागी आहेस का, तसं.

ओळखलं होतं. न ओळखायला काय झालं!
नऊ वर्षं रोज रात्री आठला
त्याच्या मालिकेसमोर मी नवऱ्याचे गणवेश इस्त्री केले,
नवरा गेल्यावर लोकांचे.
आंधळ्या बहिणीला तो स्टेशनवर सोडून जातो
त्या भागात एक अख्खी बाही जाळली.
पण तोंडातून निघालं,
नाही हो. कोण तुम्ही?

का, ते अजून धड सांगता येत नाही.
थोडा खोडसाळपणा. दयाही असेल.
आणि नऊ वर्षं मी त्याच्याकडे बघत होते,
त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं,
त्याची फेड, असंही म्हणा.

तो हसला. आत फळीवर जाऊन बसला.
वर गेला, उतरलाच नाही. खाली आला.
पुन्हा वर. चौथ्या खेपेनंतर विचारलं,
ह्या स्टुलावर पाठ दुखत नाही का?
दुखते.
माझे गुडघे, तो म्हणाला,
आणि मेंढीच्या चरबीचं कुठलंसं मलम सांगितलं,
दक्षिणेकडे मिळणारं.
बोलणं एवढंच. उरलेला वेळ तो
खिडकीशी, नाक काचेला,
खाली जहाजांचे दिवे मोजत असावा.

सातव्या खेपेला शाळेचा स्वेटर घातलेली मुलगी चढली
आणि किंचाळली त्याचं नाव.
दिव्याचं बटण दाबावं तसा त्याचा चेहरा लागला.
दात, भुवया, आवाज, सगळं मालिकेतलं.
तिच्या खांद्यावर हात, फोन उंच,
आणि ती उजळलेली खोली वर वर गेली.
माझ्याकडे पाहिलं नाही त्याने.
किंवा पाहिलं असेल, काचेवर वाफ होती.

दुसऱ्या दिवशी मी नोट मोडून आणली.
सात खेपांचे सातशे वजा केले,
बाकीचे पाकिटात घातले. वर नाव लिहिणार होते,
पण मग खोटं उघडं पडलं असतं,
म्हणून लिहिलं, टोपीवाले गृहस्थ.
तो पुन्हा आला नाही. त्याच्याकडे मोटार होती.

तर काल माईकसमोर मी तेच म्हटलं,
मी नाही ओळखत त्यांना.
रात्री दाखवलं तेव्हा माझं तोंड कापलेलं,
फक्त तिकीट फाडणारा हात होता, दोन सेकंद.
शेजारीण म्हणाली, अंगठीवरून ओळखलं तुला.

पाकीट गल्ल्यात तळाशी आहे.
सुट्ट्यांची कितीही ओरड झाली
तरी त्यातून देत नाही.