शांततेचं काम

निरोपाच्या दिवशी डीन नऊ मिनिटं बोलले.
सहा मिनिटं सहलींबद्दल,
दोन माझ्या सफरचंदाच्या मुरंब्याबद्दल,
आणि उरलेल्या मिनिटात म्हणाले,
व्हर्ना हॉस्टेटर यांनी एकतीस वर्षं जे केलं
ते सांगता येत नाही,
पण ते फार मोठं आहे.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

काम तसं साधं होतं.
पाण्यात फिरणाऱ्या पात्यांचा आवाज कमी करायचा.
विद्यापीठाच्या टोकाला, गोठ्यांच्याही पलीकडे,
तळघरात एक पाण्याचा बोगदा,
त्यात आमचा पंखा;
बाहेर काढला की आधी ताडपत्री, मग बोलणं.
दाराशी लाकडी कप्पे: फोन इथं, घड्याळ इथं.
मुलीला ताप आला त्या दुपारी
तिची शाळा कप्प्यात अकरा वेळा वाजली.

मग बढती मिळाली, आणि पाणी सुटलं.
उरले तक्ते, सह्या, वॉशिंग्टनची पहाटेची विमानं,
तिजोरीचे आकडे, जाळायच्या कागदांच्या पट्टेदार पिशव्या,
फाटकाशी फलक घेऊन बसलेली मुलं.
बर्फ पडायला लागला तेव्हा मी त्यांना कॉफी पाठवली.
त्यांनी ती जमिनीवर ओतली.
एकीनं मात्र आधी दोन घोट घेतले, मी खिडकीतून पाहिलं.

फरझादला आत येता येत नव्हतं.
पासपोर्टचा रंग चुकला होता,
नाहीतर बुडबुड्यांचं गणित
त्याच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच येत नव्हतं.
एकदा मी त्याच्या फळ्यापाशी गेले.
म्हटलं, समज, एक मासा आहे.
पोहताना शेपटीमागे बुडबुडे फुटतात, फार आवाज होतो.
काय करावं त्यानं?
तो तासभर लिहीत राहिला. मग खडू ठेवून म्हणाला,
बाई, तुमच्या माशाला सात कल्ले आहेत,
आणि सातही एकाच मापाचे.
हसला.
फळा त्यानंच पुसला, कोपऱ्यापर्यंत, ओल्या फडक्यानं.
पुढं तो कॅनडात गेला, धरणांच्या कामावर.
मी शिफारसपत्र लिहिलं. त्यात मासा लिहिला नाही.

आमच्या घराण्यात चारशे वर्षं
कुणी हत्यार धरलेलं नाही.
त्यापायी आधी डोकी गेली, मग देश गेला,
मग या दरीत येऊन आम्ही मका पेरला.
वडील, एनॉस हॉस्टेटर, बंदूक टांगलेल्या घरात
पाणीसुद्धा घेत नसत.
त्यांनी मला एकदाच विचारलं,
ओट्याशी सफरचंदं सोलताना, वर न बघता:
त्यानं माणसं मरतात का गं?
म्हटलं, नाही दादा.
त्यानं फक्त ऐकू येत नाही.

सुरी थांबली.
साल अर्धवट लोंबकळत राहिली.
मग पुन्हा सुरी चालू झाली.
मधल्या वेळात किती डेसिबल होते
ते मोजायला माझ्याकडं यंत्र होतं, पण तळघरात.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चौदा वर्षं जगले.
रविवारी प्रार्थनेत शांततेसाठी उभे राहायचे,
आणि मी शेजारी उभी राहायची;
शब्द तोच होता.

निवृत्तीनंतर डावा कान गेला.
तपासणीच्या खोलीत, जाड काचेमागं,
एक तरुण पोरगा म्हणाला,
आवाज आला की बटण दाबा.
मी दाबलं.
अहो, मी अजून काही सुरूच केलं नाही.
म्हटलं, खाली लिफ्ट चालू आहे, तिचं बेअरिंग खराब झालंय.
तुमच्या दाराची रबरी पट्टीही बदलून घ्या,
खोली गळतेय.
तो हसला. उठून दार पुन्हा ओढून घेतलं.
म्हणाला, आता?

मी बटणावर अंगठा ठेवून बसले.