उणे बावीस, वारा नाही

मुस्तवेच्या वाचनालयात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
मैमू आली, बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झाडला,
आणि हातमोज्यातून काढून टेबलावर ठेवला
करंगळीएवढा पेन ड्राइव्ह, किमतीची चिठ्ठी तशीच.
शेजारी हेल्दूरची डिस्क, फडक्यात गुंडाळलेली,
उसनं अंडं परत आणावं तशी.

वीस हिवाळे तो पैप्सी सरोवराचा बर्फ ऐकत बसायचा,
भोकातून माइक खाली सोडून.
चौदा हजार फाइली.
बर्फ तडकतो, गुरगुरतो,
कधी ताणलेली तार सुटावी तसा लांबवर शीळ घालत जातो.
पाच वीसच्या बसनं भाची उर्वे हे सगळं तार्तूला नेणार होती.

पट्टी सुरुवातीला धावली.
अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली म्हणा ना.
मग सेकंदाला तीन एमबी. मग दोन.
मग: उरलेला वेळ सात तास.

"तुझं लिनक्स झोपलं," मैमू म्हणाली.
"झोपत नाही ते. भलेपणानं खोटं बोलतं.
मेमरीत ठेवलं की पोचवलं म्हणतं."
टर्मिनल उघडून तिला एक आकडा दाखवला,
लिहायच्या राहिलेल्या पानांचा.
यंत्राच्या बोलीत त्यांना मळकी पानं म्हणतात.
"मळकी का?"
मला नीट सांगता येईना.
"धुवायला काढलीत," मी म्हणाले, "दोरीवर गेली नाहीत अजून."
चार मुलगे वाढवलेल्या बाईला तेवढं पुरलं.

मग खाचांचं झाड काढून पाहिलं.
फांदीच्या टोकाला पाच हजार हवं होतं,
होतं चारशेऐंशी.
चूक माझीच. हाताशी होती म्हणून
कीबोर्डच्या कडेच्या खाचेत खोचला होता मी तो.
थांबवलं, सोडवलं, मगच उपसलं.
टेबलाखाली गुडघ्यांवर शिरले, धूळ, एक हरवलेलं बुकमार्क,
आणि यंत्राच्या पाठीमागे ती निळी खाच.

तरी पुरेना. फाइली बारक्या:
दार उघड, नाव लिही, दार लाव,
चौदा हजार वेळा.
म्हणून सगळ्यांचं एकच गाठोडं बांधत सोडलं.
तेरा मिनिटं, पट्टी म्हणाली. या वेळी खरं.

मी हात झटकत वर आले तर मैमू गप्प.
"आता नावं दिसत नाहीत," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती वाट बघतेय.
ती वाचत होती.
रखडत चाललं होतं तेव्हा एकेक नाव पडद्यावर टेकत होतं,
हेल्दूरनं मिटल्या हातमोज्यांनी टाइप केलेलं:
उणे बावीस, वारा नाही.
उणे नऊ, कुत्रा मध्येच.
उणे सतरा, चांगला लांब तडा, दोनदा.
मैमूनं जेवायला हाक मारली, वाया.
मैमूनं हाक मारली, वाया.
"वाया गेलेलीसुद्धा ठेवली बघ त्यानं."

घड्याळात चार पस्तीस.
"शेवटचा हिवाळा बांधू नकोस," ती म्हणाली,
"तो त्या आधीच्या भोकातून जाऊ दे."
"एकशे नऊ फाइली आहेत."
"बस पाच वीसला आहे."

मी पुन्हा कीबोर्डच्या कडेला खोचला.
खुर्ची तिच्याकडे सरकवली
आणि परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला गेले,
जी सकाळीच लावून झाली होती.

पट्टी म्हणाली झालं. दिवा लुकलुकत होता.
सिंक लिहून एंटर दाबलं.
उत्तर नाही. नुसता कर्सर.
मळकी पानं उतरत गेली: नऊशे, दोनशे, चाळीस,
शून्य.
दिवा विझला.

मैमूनं तो मुठीत धरून पाहिला.
"गरम आहे," म्हणाली, आणि हातमोज्यात घातला.
बाहेर उणे अकरा होतं. वारा होता.