खूण

हानुस आला तेव्हा मी बटाटे सोलत होते.
बूट काढले नाहीत त्यानं. म्हणाला, बसायला आलो नाही.
टोपी हातात, टोपीतून पाणी गळत होतं.

"त्या धुक्याच्या सालात तुझ्या अकरा मेंढ्या
कड्यावरून पडल्या नव्हत्या, मार्यून.
तुझी खूण उजव्या कानाच्या टोकाला, एक खाच.
तिच्यावरच मी माझी कापली, खोल.
तुझी खाच माझ्या कापात गेली."

इथे फॅरो बेटांवर सगळ्यांच्या मेंढ्या
एकाच डोंगरावर चरतात.
कुठली कुणाची, ते कान सांगतो.

नऊ वर्षं दर रविवारी
भाकरीचं ताट माझ्याकडून त्याच्याकडे जायचं
आणि तो न तोडताच पुढे द्यायचा.
लोक म्हणत, पोटाचं काहीतरी असेल.
मी तोडायचे. चावून चावून खायचे.

कारण मला माहीत होतं.
पहिल्याच शरदात, कळप खाली आणताना,
एक मेंढी माझ्या हाकेला वळली होती.
कान त्याचा, वळणं माझं.

आमच्या बेटांवर साप नाहीत.
डूख मी धरला होता,
रोज त्याला थोडं दूध पाजत होते.
हानुसचा मुलगा कोपनहेगनला गेला, परतला नाही,
तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं.
आणि वर त्याच्या घरी सूप नेऊन दिलं.

"सोडून दे म्हणत नाही," तो म्हणाला.
"त्यातल्या तीन उरल्यात. बाकी त्यांची लेकरं.
सतरा भरतात. खाली कुंपणात आहेत, मोजून घे.
त्या वाटेनं मी पुन्हा जाणार नाही, एवढंच."

क्षमा केली, असं म्हणणार होते.
तोंडातून निघालं,
"मला ठाऊक होतं, हानुस. पहिल्यापासून."

मग तो बसला.
ओल्या बुटांसकट.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मी दुसरी सुरी काढून त्याच्यापुढे ठेवली,
त्यानं एक बटाटा उचलला.
सालं जाड काढतो तो. मी काही म्हटलं नाही.

रविवारी ताट त्याच्यासमोर धरलं.
हात थरथरला, चुरा मांडीवर सांडला.
तोही त्यानं बोटानं टिपून खाल्ला.

कापलेला कान भरून येत नाही.
पण मे महिन्यात त्या तिघींतल्या एकीला
कोकरू झालं.
कान अख्खे, पातळ,
उन्हात आतून गुलाबी.

शरदात खूण करावी लागेल.
सुरी कुणी धरायची,
अजून ठरलेलं नाही.