अष्टमी ते चतुर्थी

तारामुंबरीच्या उपकेंद्रात टेबल एक, वजनकाटा एक,
आणि खिडकीतून येणारा, सुकत टाकलेल्या गोलम्याचा वास.
मी घाटावरची. पहिल्या वर्षी त्या वासानं
पोटुशा बायांच्या आधी मलाच मळमळायचं.

विशाखा कोयंडे, वय एकोणतीस.
ग्रॅविडा, म्हणजे कितव्यांदा दिवस गेले.
ती बोटं उघडते, चार.
पॅरा, बाळंतपणं किती. दोन.
अबॉर्शन एक. तिसऱ्या महिन्यात,
कोळंबी सोलायच्या शेडमध्ये, उभ्या उभ्या.
लिव्हिंग?
ती दाराकडे बघते. तिथं सात वर्षांची मुलगी
माझ्या काट्यावर चढते, उतरते, पुन्हा चढते.
एक.

दोन वजा एक, एवढ्यासाठी कार्डावर रकाना नाही.
बावीस दिवस होता तो.
नाव ठेवलं होतं का, हे फॉर्म विचारत नाही.
मीही विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

शेवटची पाळी?
"अष्टमीक. पाळणो हलवक गेलंय नाय."
गोकुळअष्टमी. अख्ख्या वाडीनं दोरी ओढली,
आणि ही मागच्या पडवीत,
कुणी सुंठवडा आणून देईल म्हणून बसलेली.
मी कॅलेंडरवर बोट ठेवून पुढं येते.
दहा आठवडे. लिहिते, दहा.

"धा कशे?"
सासू इतका वेळ गप्प होती.
"माजो झील चवथीच्या आदल्या दिसाक इलो, वेरावळसून.
आठ आठवडे नि तीन दिस."
मासळीचे वाटे घालणारी बोटं. हिशोब चुकत नाही.

खोलीतलं पाणी भांगाला लागतं.
विशाखा माझ्याकडे बघते,
जणू मीच चुगली केली.

मावशी, मूल कधी राहिलं ते कुणालाच दिसत नाही.
म्हणून आम्ही मागं जातो,
जे डोळ्यांनी दिसलं होतं तिथवर, अष्टमीपर्यंत.
पहिले दोन आठवडे पोटात कोणी नसतंच.
तरी धरायचे. सगळीकडे असंच धरतात.

ती बराच वेळ बोलत नाही. मग,
"म्हंजे पाण्यात नाय ती होडीय मोजतास?"
होय.
"नि माजो नातू? बावीस दिस होतो तो. तेका मोजलास?"

मी कार्ड तिच्याकडे फिरवते.
पॅरापुढचा दोन दाखवते. ह्यात आहे तो, मावशी.
वाचता येत नाही तिला,
पण आकड्यावर अंगठा ठेवते,
उचलते तेव्हा तिथं एक खवला चिकटलेला.
मी झटकत नाही.

सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागं जायचं.
दोन जून. होड्या वर ओढलेल्या असतील,
झावळांनी शाकारलेल्या,
आणि बाप घरी.
लोहाच्या गोळ्या देते. चहावर घेऊ नको म्हणते.

"माजा वजन लिव," मुलगी म्हणते.
एकोणीस किलो. तिच्या नावाचं कार्ड नाही माझ्याकडे.
तळहातावर लिहून देते.
ती मूठ मिटते आणि पुळणीकडे पळत सुटते.