अर्धा लिटर जादा

खणभागात माझं दुकान. पाटीवर 'स्टेशनरी',
खाली बारीक अक्षरात, 'नाव टाकून मिळेल'.
हल्ली सगळं त्या बारीक ओळीवरच चालतं.
डायरीवर सोनेरी नाव, पेनवर नाव,
पाकिटावर लाखेचा शिक्का (लाख खोटी, शिक्का खरा),
आणि तो तपकिरी कागद, ज्याची आम्ही
जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायचो,
त्याला आता चौपट भाव, कारण साधा दिसतो.

परवा विश्रामबागेतली एक मुलगी आली.
साखरपुड्याची आभारपत्रं, अडीचशे,
हाताने लिहिल्यासारखी.
आहे, मशीनमध्ये तसा फॉन्ट आहे.
त्यातले सगळे 'र' एका पोटचे,
एकाच पावलाने वळतात, एकालाही ठेच लागत नाही.
म्हणाली, 'काकू, फारच नीट वाटतंय.
एक खाडाखोड घाला ना कुठेतरी.'
घातली.
अडीचशे वेळा, एकाच शब्दावर, एकच चूक.
पैसे वेळेवर दिले तिने. तक्रार नाही.

नेमगोंडा मगदूम समडोळीहून येतात,
गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन, परतताना वाजणारे.
'लेटरपॅड करायचंय. वर नाव.
आणि म्हैस. गाय नको, माझ्याकडं गाय नाही.'
माझ्या चित्रांत म्हैस नव्हती.
हत्ती होता, मोर सतरा प्रकारचे,
चष्मा लावलेलं घुबड.
शेवटी मीच काढली पेन्सिलीने.
शिंगं बघून म्हणाले, 'ही पंढरपुरी झाली. आमची मुऱ्हा.'
खोडली. आवळून परत काढली.

कशाला हवंय, मी विचारलं नव्हतं.
त्यांनीच खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली,
पिशवीत चिठ्ठ्या, दुधाच्या डागांनी कडक झालेल्या,
अकरा वर्षांच्या.
गावभागातल्या गुळवणी बाई. पहाटे दार उघडत नाहीत,
पातेल्याखाली चिठ्ठी असते.
'उद्या अर्धा लिटर जादा. जावई येणार.'
'आजचे दूध पातळ होते. म्हशीस विचारावे.'
पाठीमागे मगदुमांचं, काडीने कोरल्यासारखं,
'म्हस म्हनती पाऊस पडला.'
मग एक, 'चार दिवस नको.'
मग एक, 'आता पाव लिटर पुरेल.'
तिच्या पाठीमागे उत्तर नव्हतं.
त्या महिन्याचं बिल होतं फक्त,
आणि बिलावर आडवी रेघ, कागद फाटेपर्यंत ओढलेली.

शेवटची परवाची.
'महिनाअखेर पुण्यास मुलाकडे. हिशेब करावा.'

'हिशेब केलाय,' ते म्हणाले,
'पण नुसता हिशेब ठिवायचा का पातेल्याखाली?
पाटी तुम्हीच रंगवलीया न्हवं? मग लिवा तुम्ही.'
मी पेन त्यांच्यापुढे केलं.
काउंटरला टेकून तासभर.
बाहेर कॅन तापले. झेरॉक्सवाली पोरं खोळंबली,
एकाने तर खुर्चीच ओढून घेतली.
मी वाचलं नाही.
म्हणजे एकच ओळ, उलटी, समोरून,
'तिकडं पिशवीचं दुद आसतं. दोनदा तापवा.'

घडी घातली, निघाले. पन्नासातला एकच कागद नेला.
'बाकीचे?'
'ऱ्हाऊ द्या. आजून कुणाला लिवायचंय मला.'

उरलेले एकोणपन्नास गल्ल्याखालच्या खणात.
काल तासगावला बहिणीकडे जायचं होतं.
एकावर लिहिलं, 'दुकान आज चारनंतर',
आणि शटरला चिकटवलं, म्हशीसकट.
परत आले तर खाली तीन हातांचं लिहिलेलं.
'आलो होतो. कंपासपेटी पायजे.'
'दोनशे पानी एकरेघी, दोन बाजूला ठेवा. सौ. ऐनापुरे.'
आणि अगदी तळाशी, बुटक्या उंचीवरून, पेन्सिलीने,
'म्हशीला शेपूट नाही.'

खरंच नव्हतं.
किल्ली कुलपात तशीच ठेवून
आधी शेपूट काढलं.