हात राखून

म्कर्तिच काकाने हा पॉवर सप्लाय बांधला त्या हिवाळ्यात,
जेव्हा ग्युमरीत वीज दिवसाला तासभर यायची,
आणि कुठला तास, ते कुणी सांगायचं नाही.
उरलेला वेळ तो मेणबत्तीशी बसून
ट्रान्सफॉर्मरचे वेढे घालायचा. आर्मेनियनमध्ये मोजायचा,
चुकला की रशियनमध्ये शिवी, आणि पुन्हा एकपासून.

समोरची पट्टी बंद पडलेल्या गिरणीतल्या मागाची.
आत डब्याएवढा कपॅसिटर, पाठीवर ॲल्युमिनियमच्या पंखांत
एकच जाडा ट्रान्झिस्टर.
व्होल्टेजला नॉब होता. करंटला नव्हता.
"मागेल त्याला, मागेल तेवढं," म्हणायचा काका.
दुकानातली उधारीची वहीही तशीच होती.

मार्चमध्ये हायकानुशबाईंचा रेडिओ मी त्याला जोडला.
नवऱ्याने डायलवर पेन्सिलीने खुणा केलेल्या,
कुठे इस्तंबूल, कुठे बैरुत.
सोल्डरचा एक थेंब दोन वाटांवर पडलेला मला दिसला नाही.
धूर आधी आला, वास नंतर.
सप्लायच्या काट्याची पापणीही लवली नाही.
बाई काही बोलल्या नाहीत.
रिकामी पेटी काखेत मारून म्हणाल्या, डायल तर राहिली.

त्या रात्री मी काकाची पेटी उघडली.
बाहेर जाणाऱ्या वाटेत एक पांढरा रेझिस्टर बसवला,
एक तृतीयांश ओहमचा. टोलनाक्यासारखा नाही,
पूल ओलांडताना पायाखाली फळी वाकते, तेवढाच.
फळी किती वाकली हे एक आठ पायांची चिप बघते,
माझ्या नव्या नॉबने सांगितलेल्या रेषेशी ताडते,
आणि रेषा ओलांडली की ट्रान्झिस्टरच्या तोंडचा घास काढून घेते.
पहिल्या खेपेला सगळं थरथरत सुटलं;
दे, नको देऊ, दे, नको देऊ,
सेकंदाला हजारो वेळा.
तांदळाच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर लावला, तेव्हा शांत झालं.

मग मर्यादा शंभर मिलिअँपियरवर ठेवली
आणि दोन्ही टोकांवर सरळ पक्कड आडवी घातली.
टिच्.
एक ठिणगी उडालीच. ती आधीच दाराबाहेर साठलेली होती,
तिच्यावर माझ्या नॉबचं काही चालत नाही.
पण काटा शंभरवर येऊन थांबला.
व्होल्टेज शून्य, तांबडा दिवा लागलेला, पक्कड थंड.
मी एकटीच हसले.

एक अँपियरला मात्र पंखांना हात लावला आणि झटकन मागे घेतला.
बाहेर न दिलेलं सगळं तो जाडा ट्रान्झिस्टर
स्वतःच्या अंगावर घेत होता.
झळ कुठे जात नाही. कुणीतरी सोसते.

वार्सेनिक काकी तेव्हा सूप हात राखून वाढायची.
पिठाचा डबा कुलपात, रॉकेल पलंगाखाली.
काका शेजाऱ्यांना लाकडं वाटायचा, सगळे त्याचे गुण गायचे,
आणि आम्ही मुलं काकीला दाराआडून कंजूष म्हणायचो.
ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
एप्रिल उजाडला तेव्हा डब्यात अजून पीठ होतं.
कुणी विचारलं नाही, कुठून आलं.

आज ती कॉफी घेऊन आली. एक्याऐंशी वर्षांची,
ओठांवर अजून तीच घडी.
"हे नवं भोक कशाला पाडलंस त्याच्या पट्टीला?"
किती द्यायचं, ते ठरवायला.
तिने चष्मा पुसला. नॉब पार डावीकडे नेला.
तांबडा दिवा लागला. मग जरासा उजवीकडे,
आणि थोडा आणखी, दिवा विझेपर्यंत.
"त्याला आवडलं नसतं," म्हणाली,
आणि माझ्या कपात साखर घातली,
एकच चमचा, वरून सपाट केलेला.