गूज

विजापूर रोडच्या आयटीआयत, सुतारकामाच्या वर्गात
बावीस मुलं आणि मी.
पुस्तकात चित्राखाली इंग्रजी नाव होतं,
पाचच अक्षरं, मधे ओ आणि यू
एकमेकांना रेटून उभे.
मी उठून वाचलं : गूज.
वर्ग फुटला. इंदापुरे सर म्हणाले,
गूज नव्हे गं, गाऊज. गोल पटाशी.
बस खाली.

बसले. पण कानात गूजच राहिलं.
एकानं दुसऱ्याला सांगायचं,
तिसऱ्याला कळू न देता.
शिसवीच्या कानाला लागून
लोखंड असंच काहीबाही सांगत असणार.

बाळीवेशीत, बोळाच्या तोंडाशी, अप्पांचं दुकान.
आधी धोटे करायचे.
कांडी बसावी म्हणून धोट्याचं पोट पोखरायचं,
केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही.
सूत अडलं की विणकर दारात येऊन
तेलुगूत शिव्या द्यायचा,
अप्पा कानडीत ऐकून घ्यायचे.
मग हातमाग गेले.
आता काथवटी, महिन्याला दोन, फार तर तीन,
तेही कुणा सुनेला भाकरी थापायची हौस आली तर.

साध्या पटाशीला अप्पा उळी म्हणतात.
हिला मात्र, पोटात वाकलेल्या हिला,
मान वर न करता म्हणतात, ‘कोक्क कोड.’
चोच दे.
मला वाटायचं, हे आपलं घरातलं नाव.
आमच्या जुन्या रंध्यालाही
म्हातारा म्हणतात.

परवा वाचनालयात तो जाड कोश मागितला,
पाठ निखळलेला, सुतळीनं बांधलेला.
इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला,
फ्रेंचांना तो लॅटिनकडून आला,
आणि लॅटिनला कुणा टोळीकडून,
जिची बोली आता कुणाच्याच तोंडात नाही.
त्यांच्यात त्याचा अर्थ
(बहुधा, असं कोशकार चाचरत लिहितो)
चोच.

मी मान वर केली.
समोर एक आजोबा पेपरावर डुलकी घेत होते.
त्यांना उठवून सांगावं, इतकं वाटलं.

खाली आणखी अर्थ होते, बारीक टायपात :
अंगठ्यानं डोळा उपसून काढणे.
अडलेल्याकडून वाट्टेल तो भाव उकळणे.
यांना कोश कशाला?
नळ पाचव्या दिवशी येतो त्या मे महिन्यात
टँकरवाला बोट वर करून आकडा सांगतो
आणि आख्खी गल्ली हंडे पुढं करते.
आणि अप्पांच्या डाव्या डोळ्यातल्या भिंगाची किंमत
दवाखान्यातल्या पोरीनं कॅल्क्युलेटरवर दाखवली तेव्हा
अप्पा म्हणाले होते,
राहू दे की डोळा, त्याचं त्याला काय दुखतंय?

संध्याकाळी सांगितलं.
अप्पा, तिकडं, पार समुद्रापलीकडं,
फार जुनी माणसं हिला चोचच म्हणायची.
ते काथवटीच्या पोटात अंगठा फिरवत होते,
डावीकडं बघणं सोडलंय, आता हातानंच बघतात.
‘मग? टोचतीय म्हटल्यावर दुसरं काय म्हणतील?’
थोडा वेळ नुसता अंगठा.
‘किती लांबची म्हणालीस ती माणसं?’
मी सांगेपर्यंत त्यांनी ती माझ्या हातात दिली.
‘दगडावर घे जरा.
सकाळपासून घोगरी झालीय.’